बटईनं दिलेली तांबडी

मी कोंबडी बोलतेय. हो, कोंबडीच. गाय बोलली, वडाचं झाड बोललं तर तुम्ही कान देऊन ऐकता, आणि कोंबडी बोलली की तुम्हाला मसाला आठवतो. आठवू द्या. मला त्याचा राग नाही. पण ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत त्यांनी तरी माझं दोन घटका ऐकावं. एका पोरीला पैसा कसा ठेवावा आणि कसा खर्चावा हे मी शिकवलं आहे. मास्तरांनी नाही, मी.

माझा जन्म एटापल्लीच्या रस्त्यावरच्या एका गावात झाला, आशाबाईच्या अंगणात, बांबूच्या डालीखाली. आम्ही अकरा भावंडं. दोन घारीनं उचलली, एक मुंगसानं नेलं, काही पहिल्याच झडीत गारठून गेली. उरलो आम्ही चौघं. त्यात मी अंगानं तांबडी, पायानं पिवळी आणि स्वभावानं भांडखोर. आशाबाई एकटी राहायची. शेजाऱ्यांशी मराठी बोलायची आणि आमच्याशी गोंडी. कोंबडीला गोंडीत कोर म्हणतात. ती मला "कोर, कोर" करून बोलवायची आणि मी सगळ्यांच्या आधी धावायची, कारण तिच्या मुठीत कण्या असत.

आशाबाईच्या कुंपणापलीकडे मनकर्णाचं घर. तिचा नवरा खुशाल लाकडाच्या डेपोत रोजीवर होता. मोठी मुलगी कमला, आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी. धाकटी रुखमा चार वर्षांची. मनकर्णा स्वतः सातवी शिकलेली, कामाची, पण जिवाला फार घोर लावून घेणारी बाई. पोरगी खोकली तरी तिला रात्रभर झोप यायची नाही. आणि तिचा सगळ्यात मोठा घोर म्हणजे कमलाचा हात. त्या हातात पैसा गरम होईपर्यंतसुद्धा टिकत नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला कमलाचा मामा आला आणि जाताना त्यानं तिला एक रुपयाची नोट दिली. मामाची बस अजून वळणावर दिसत होती, तोवर नोट वामनरावच्या दुकानात पोचली. गोळ्या आल्या, बिस्किटं आली, ती सगळ्या आळीत वाटली गेली. मनकर्णानं पोरीला मारलं. मग स्वतःच रडत बसली. मग डोळे पुसून आशाबाईकडे आली. मी तेव्हा उंबऱ्याजवळ माती उकरत होते, म्हणून सगळं ऐकलं.

"माय, पोरीच्या हातात पैसा टिकत नाई. मोठी झाली त कसं करन वो थे?"

"तुह्या हातात टिकते का?" आशाबाईनं विचारलं.

मनकर्णा म्हणाली, "मले तरी कोणी शिकवलं? शनिवारी रोजी येते, मंगळवारच्या बाजारात सरते. म्हणून त भेव वाटते."

"पैसा दाखवून लेकराले काय समजन? पैशाले भूक ना तहान. तिले कोंबडी दे."

"कोंबडी घ्याले पैसे कुठी हायेत माय?"

"बटईनं ने ना. हे तांबडी ने."

बटई म्हणजे काय ते सांगते. शेत बटईनं देतात तशी आमच्याकडे कोंबडीही देतात. पाळणारा पाळतो, आणि जी पिल्लं निघतील ती मालकाची अर्धी, पाळणाऱ्याची अर्धी. आशाबाईनं कमलाला समोर बसवलं आणि मोठ्या माणसाशी करावा तसा करार केला. अंडी कमलाची. ती खावी, विकावी, ठेवावी, तिची मर्जी. पहिल्या रवणीची, म्हणजे मी पहिल्यांदा बसून उबवलेली, अर्धी पिल्लं आशाबाईला द्यायची. ती दिली की मी कायमची कमलाची.

"पण पाह्य," आशाबाई बोट दाखवून म्हणाली, "पुढच्या वर्षी शाळा उघडते त्या दिवसापर्यंत पिल्लं नाई निघाली, त माही कोंबडी मी वापस नेतो. मंग रडाचं नाई."

"नाई रडन," कमला म्हणाली आणि मला काखेत मारून घरी घेऊन गेली.

मनकर्णानं स्वतःसाठीही एक नेम केला. कोंबडीच्या कारभारात आपण बोलायचं नाही. तिनं पदराच्या दोन टोकांना दोन गाठी मारल्या. एक घरच्या पैशाची, एक कमलाच्या. कमलाला विचारल्याशिवाय तिची गाठ सोडायची नाही, मीठ संपलं असलं तरी नाही. असा नेम करणं सोपं असतं. पाळताना तिचं काय होत होतं ते मी पाहिलं आहे.

जानेवारीत मी पहिलं अंडं दिलं. लहानसंच होतं, पण मी एवढा आरडाओरडा केला की खुशाल चहा टाकून बाहेर आला. कमलानं ते अंडं गालाला लावलं. मला वाटलं, आता ही जपेल.

कसची जपते! दर मंगळवारी बाजारात पत्रू नावाचा अंडीवाला बसायचा, एका अंड्याचे चाळीस पैसे द्यायचा. कमला ओच्यात अंडी घेऊन जायची आणि रिकामी यायची. म्हणजे अगदी रिकामी नाही. लाल रिबीन आली. साखरेचे गुलाबी बुढीचे बाल आले, ते रस्त्यातच विरघळले. एकदा प्लास्टिकचं मनगटी घड्याळ आलं. त्यात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली. खुशाल तिला रोज विचारायचा, "काय व कमले, किती वाजले?" आणि ती खरंच मनगट वर करून बघायची.

मनकर्णा दाराशी उभी राहून दातांखाली ओठ दाबायची. एकदा तिच्या तोंडून निघालंच, "अवं, पिल्लायसाठी ठेव ना दोनचार!"

"अजून लय दिवस हायेत ना आई," कमला म्हणाली.

चौदा अंडी झाली आणि मला खुडूक चढली. खुडूक म्हणजे काय ते आईलाच कळेल. अंगात ताप भरतो, दाणा नको वाटतो, फक्त पोटाखाली काहीतरी उबवावं असं वाटतं. मी जाऊन टोपल्यात बसले. पोटाखाली काय होतं? गवत! चौदातलं एकही अंडं घरात नव्हतं.

कमला धावत आशाबाईकडे गेली. "आशाबाई, तुह्याजवळची अंडी दे ना, उसनी."

"माह्यी अंडी, माह्यी कोंबडी, मंग पिल्लं तुही कायची व?" आशाबाई हसली, पण अंडी दिली नाहीत.

मनकर्णाच्या घरच्या गाठीत तेव्हा तीन रुपये होते. पत्रूकडून पाच-सहा अंडी सहज आली असती. तिचा हात गाठीवर गेला. मी टोपल्यातून बघत होते. ती गाठ तिनं दोन वेळा चाचपली आणि मग चुलीकडे तोंड करून बसली. मला विचाराल तर त्या घरातलं सगळ्यात अवघड काम तिनं त्या दिवशी केलं.

माझी खुडूक मोडायचा मान खुशालला मिळाला. त्यानं माझंच एक पीस उपटलं, माझ्याच नाकपुड्यांतून आरपार घातलं आणि मला तीन वेळा बादलीत बुडवलं. असा अपमान कोणाचा होऊ नये. मी दोन दिवस तेच पीस नाकात घेऊन आळीत फिरले, आणि आशाबाईचा कोंबडा माझ्याकडे बघून मान फिरवायचा. पण अंगातला ताप उतरला. मार्चमध्ये मी पुन्हा अंडी द्यायला लागले.

आता कमला बदलली होती. इतकी बदलली की मलाच तिची भीती वाटायला लागली. एक अंडं विकायचं नाही. एक अंडं खायचं नाही. रुखमा रडून रडून म्हणायची, "ताई, मले अंडं दे ना," आणि कमला म्हणायची, "मोज बरं किती झाले? मंग? मोडाचे नाई." मनकर्णाच्या मनात आलं, देवा, ही उधळी होती ते बरं होतं की ही चिक्कू झाली ते बरं! पण नेम म्हणजे नेम.

अंडी कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून कमलानं ती कुठं लपवली असतील? ते दिवस मोहाचे. पहाटे उठून सगळं गाव मोहफुलं वेचायला रानात जायचं. घराच्या कोपऱ्यात बांबूच्या कणगीत मोह भरून ठेवलेला. कमलानं त्या मोहात हात खुपसला आणि एकेक अंडं खोल पुरून ठेवलं. मऊ गादी, गोड वास, आणि उंदीर-मांजराला पत्ता नाही. तिला वाटलं, यापेक्षा चांगली तिजोरी नाही.

पण अर्धवट वाळलेला मोह कणगीत दाबून भरला की तो आतून तापतो. हात घातला तर चटका बसावा इतका. माझी अंडी तिथं दिवसा भाजली, रात्री निवली, पुन्हा भाजली. तेरा अंडी झाल्यावर कमलानं ती काढून मोठ्या थाटात माझ्याखाली मांडली. मी बसले, पण चौथ्या-पाचव्या दिवशीच मला कळून चुकलं. जिवंत अंडं पोटाखाली जड लागतं, हळूहळू भरत जातं. ही अंडी मुकी होती. त्यांना मोहाचा वास येत होता.

बाराव्या दिवशी एक अंडं फटकन फुटलं. घरभर अशी घाण सुटली की खुशाल जेवणावरून उठला. आशाबाई आली. तिनं एकेक अंडं उन्हात धरून पाहिलं, कानाशी हलवून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. तेराच्या तेरा.

"कुठी ठेवली होतीस व?"

"मोहात."

आशाबाईनं कपाळाला हात लावला. "मोहात दारू होते बाई, पिल्लं नाई होत!"

सगळे हसले. कमला हसली नाही. ती अंडी मनकर्णाबरोबर बाहेर नेऊन पुरताना तिनं विचारलं, "आई, विकले तवा बी गेले, ठेवले तवा बी गेले. मंग करू काय मी?"

मनकर्णानं खड्ड्यावर माती लोटली. तिनं खोटं उत्तर दिलं नाही, एवढं मला आवडलं. ती म्हणाली, "मले बी पक्कं नाई माहीत. पण सगळेच्या सगळे एकाच कामाले लावले, तिथी चुकलं वाटते. तू इचार कर. शाळा उघडाले अजून दोन महिने हायेत."

मेच्या सुरुवातीला मी तिसऱ्यांदा अंडी द्यायला लागले. ही शेवटची पाळी आहे हे मलाही माहीत होतं आणि कमलालाही. यावेळी तिनं स्वयंपाकघराच्या गार कोपऱ्यात, पाण्याच्या मडक्याखाली ओली वाळू असते ना, तिच्या शेजारी टोपलं ठेवलं, त्यात राख पसरली. प्रत्येक अंड्यावर ती कोळशानं तारीख घालायची, शाळेत फळ्यावर घालतात तशी. जुनं अंडं झालं की ते बाजाराला, ताजं राहिलं ते टोपल्यात. आणि एका मंगळवारी, कोणी न सांगता, तिनं एक अंडं चुलीत भाजून रुखमाच्या हातात दिलं. रुखमानं ते एवढं हळूहळू खाल्लं की संध्याकाळ झाली.

पंधरा अंडी झाली. एक रुखमानं खाल्लं, पाच विकली. लग्नसराईचे दिवस, पत्रू पन्नास पैसे देत होता. अडीच रुपये कमलाच्या गाठीत पडले. ताजी नऊ अंडी मे संपता संपता माझ्याखाली बसली. ते अडीच रुपये कशासाठी होते तेही सांगते. वामनरावच्या दुकानात एक लहान काळी छत्री टांगलेली होती, चौदा रुपयांची. बाजारातून येताना कमला दर वेळी त्या छत्रीखाली उभी राहायची. तिला माहीत होतं की चौदा रुपये लांब आहेत. पण आता ती लांबचं बघायला शिकली होती.

मी बसून दहा दिवस झाले आणि मामा आला. श्रीहरीमामा चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होता. आला तो "जयभीम भाऊजी!" करत, मोठ्या आवाजात, आणि पहिली गोष्ट विचारली, "काय गा, कोंबडी-बिंबडी हाय का नाई घरात?"

पाहुणा आला, तोही बायकोचा भाऊ. खुशालला मान खाली घालून कसं चालेल? त्याची रोजी शनिवारी, आणि त्या दिवशी गुरुवार. घरच्या गाठीत सव्वा रुपया. खुशालनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग विळा उचलून माझ्या टोपल्याशी आला. मी अंगाची पिसं फुगवली, चोच उघडली, पण उठले नाही. उठले तर नऊच्या नऊ गार होतील.

मनकर्णा मधे आली नाही. एकीकडे भाऊ, दुसरीकडे पोरगी. तिचे हात कणकेत तसेच राहिले.

कमला टोपल्याच्या आणि बापाच्या मधे येऊन बसली. "बाबा, हे आपली नाई."

"मंग कोणाची हाय?"

"आशाबाईची. पिल्लं निघेपर्यंत आशाबाईचीच. दुसऱ्याची कोंबडी कापान का तुमी?"

मामा खो खो हसला. "वकील झाली का व भाच्चे!"

"वकील राहू दे," खुशाल चिडला. "पाहुण्याले काय वाढू मी? वांगे?"

कमला उठली. आईजवळ जाऊन म्हणाली, "आई, माह्यी गाठ सोड."

मनकर्णानं तिच्याकडे पाहिलं. "छत्रीचे हायेत ना व ते?"

"सोड ना."

कणकेच्या हातानंच मनकर्णानं गाठ सोडली. कमला अडीच रुपये घेऊन नदीकडे पळाली. डोहावर ढिवर मासे विकत होते. तिनं भाव केला, एकाकडे नाही जमलं तर दुसऱ्याकडे गेली, आणि पळसाच्या पानात अर्धा किलो मासे घेऊन आली. त्या पोरीनं दिवाळीत एक रुपया उडवला होता आणि आज अडीच उडवले. पण दोन्हीत किती अंतर होतं ते खुशालला कळलं. त्यानं विळा वळचणीला खोचला आणि स्वतः मासे साफ करायला बसला.

मामा जेवताना म्हणाला, "मासे कमी न् काटे जास्त हायेत बाप्पा."

"अडीच रुपयात काटेच येतेत मामा," कमला म्हणाली, आणि मामाला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

जूनच्या एकोणीस तारखेला सकाळी माझ्या पोटाखाली टकटक झाली. दुपारपर्यंत सात पिल्लं निघाली. दोन अंडी तशीच राहिली. शाळा उघडायला अजून आठवडा होता. मी टोपल्यातून उतरून सातही जणांना घेऊन अंगणात आले, तेव्हा मनकर्णा मला बघून रडत होती. ही बाई आनंद झाला तरी रडते.

आशाबाई वाटणीला आली. तीन इकडे, तीन तिकडे. सातवं मधे उभं राहून चिवचिव करत होतं.

"आता याचे काय दोन तुकडे करतेस व?" आशाबाईनं कमलाला विचारलं.

कमलानं चुटकीसरशी सांगितलं. "हे माह्याजवळ राहीन. मी पोसतो. मोठं झालं का इकू. अर्धे पैसे तुले, अर्धे मले. दाणे माहे, म्हणून मधातलं एखादं अंडं माहं."

"अवं माय!" आशाबाई मनकर्णाला म्हणाली, "हे त मलेच बटई शिकवून राह्यली!" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, गोंडीत काहीतरी पुटपुटली आणि कुंपण ओलांडून गेली. त्या दिवसापासून मी कमलाची.

त्या पावसाळ्यात कमला पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत गेली. छत्री पुढच्या वर्षी आली, माझ्या दोन नातवांच्या पैशातून.

मी या घरात आले त्याला आता तीन वर्षं झाली. कमला सहावीत आहे. मनकर्णानं तिच्या नावानं पोस्टात खातं उघडलं, तेव्हा भरायचे पैसे तिनं तीन वेळा मोजले आणि कमलानं एकदाच. मी मात्र म्हातारी झाले. महिन्याला एखादं अंडं देते, तेही मूड असला तर. मागच्या महिन्यात खुशालनं सहज म्हणून विषय काढला, "तांबडी आता बसून खाऊन राह्यली." पण मी कोणाची आहे हे त्याला माहीत आहे, म्हणून त्यानं विचारलंच फक्त.

कमलानं विचार करायला एक दिवस घेतला. तो दिवस मीही शांतपणे काढला. मला भीती वाटली नाही, कारण जी पोरगी हिशेबानं खर्च करते ती माया सोडून हिशेब करत नाही, आणि हिशेब सोडून मायाही करत नाही. दुसऱ्या दिवशी ती आळीतल्या चार बायकांकडे जाऊन आली. ज्यांच्या तरण्या कोंबड्या अंडी देतात पण बसत नाहीत, त्यांची अकरा अंडी तिनं माझ्याखाली आणून मांडली. बटईनं. अंडी त्यांची, ऊब माझी, पिल्लं निम्मी-निम्मी.

तर आयांनो, माझं एवढं मागणं आहे. लेकराच्या हातात काहीतरी असं द्या की जे त्याचं स्वतःचं असेल, आणि चुकलं तर जाईल. ते जाताना तुमचा हात गाठीवर जाईल. जाऊ द्या. चाचपा हवं तर दोन वेळा. पण सोडू नका. लहानपणी तेरा अंडी नासलेली बरी.

आता मला जास्त बोलायला लावू नका. आज सतरावा दिवस आहे, अंडी फिरवायची वेळ झाली, आणि ही अकराही जड लागताहेत.